नवे पंख, जुनी पट्टी

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या लॉक हेवन या गावी पायपर कंपनीने १९४६ ते १९४८ या काळात ‘सुपर क्रूझर’ नावाची छोटी विमाने बनवली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, पुढे वैमानिक आणि मागे दोघांची दाटीवाटीची बैठक. १९४७ मध्ये क्लिफर्ड एव्हान्स आणि जॉर्ज ट्रूमन यांनी अशाच दोन विमानांतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांतले ‘सिटी ऑफ वॉशिंग्टन’ आज स्मिथसोनियनच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. त्याची ओळख पक्की आहे, कारण त्याला आता उडायचे नाही.

घोळ होतो तो अजून उडणाऱ्यांचा. पाऊणशे वर्षांत पंखातले ॲल्युमिनियम गंजते, अलास्कात नदीकाठच्या गोट्यांवर उतरताना एखादा पंख टेकतो आणि त्यातल्या फासळ्या, म्हणजे रिब, पिचतात. मग मालक पंख नव्याने बांधायला घेतो. ही विमाने कारखान्यातून निघाली तेव्हा त्यांना फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली झुकणारे पट्टे, नव्हते; पायपरनेच १९४९ मध्ये आणलेल्या ‘सुपर कब’च्या बऱ्याच प्रकारांना मात्र ते मिळाले. एवीतेवी पंख उघडलेच आहेत, तर फ्लॅपही बसवून टाकू, हा मोह सहसा आवरत नाही.

काम सोपे नसते. एलेरॉनपासून पंखाच्या मुळापर्यंतच्या रिब मागच्या बाजूने आखूड कराव्या लागतात. त्यांच्या कापलेल्या टोकांना आधार, मग बिजागऱ्या, पुल्या, केबल आणि कॉकपिटमध्ये एक लिव्हर. शेवटी सगळ्यावर कापड ताणून बसवायचे. पूर्वी ते सुती असे, आता पॉलिएस्टरचे असते. लिव्हर ओढला की पंखाची मागची कड खाली झुकते आणि पंखाचा बाक वाढतो. कमी वेगातही विमान हवेत टिकते आणि हवेचा विरोधही वाढतो, त्यामुळे समोरची धावपट्टी नजरेत ठेवून उभ्या उताराने खाली येता येते. फ्लॅप नसलेल्या विमानात वैमानिक जास्तीची उंची विमान तिरके धरून, वाऱ्याला बाजू देत घसरवून कमी करतो. ज्यांनी ते सफाईने केलेले पाहिले आहे, त्यांना फ्लॅप ही जरा आळशी माणसाची सोय वाटली तर नवल नाही.

तर, दोन्ही पंख गेले, दोन्ही नवे आले. हे विमान तेच का?

प्लुटार्कने थीसिअसच्या चरित्रात सांगितलेली गोष्ट इथे हटकून आठवते. अथेन्सकरांनी थीसिअसचे जहाज जपले, कुजलेली फळी काढून नवी बसवत राहिले, आणि तत्त्वज्ञांना वादाला विषय मिळाला. आपल्याकडचे नैयायिक या वादात जास्त कडक आहेत. कापडातला एक धागा ओढून काढला तरी त्यांच्या मते पहिला पट नष्ट झाला. उरलेल्या धाग्यांतून उपजला तो खंडपट, वेगळी वस्तू. मग ‘हे तेच’ असे आपण का म्हणतो? सारखेपणामुळे, एवढेच. सुपर क्रूझरच्या पंखावर तर खरोखरचे कापड असते, तेव्हा एकच पट्टा उसवला तरी न्यायमताने विमान गेले म्हणायचे. बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रथाचे चाक, आस, जू एकेक करून विचारले आणि रथ त्यांपैकी कशातच सापडला नाही. त्याच्या हिशेबी रथ हे व्यवहारापुरते नाव होते. म्हणजे न्यायमतात विमान प्रत्येक बदलाला मरते आणि नागसेनाच्या मते ते कधी जन्मलेच नव्हते.

अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाला एवढ्या खोलात जायचे नसते. प्रत्येक विमानाला उत्पादकाचे नाव, नमुना आणि अनुक्रमांक कोरलेली एक ओळखपट्टी असते आणि ती ज्याला लागलेली, ते ते विमान. नियम असाही आहे की, दुरुस्तीसाठी काढलेली पट्टी दुसऱ्या विमानाला लावता येत नाही. पण सांगाड्यापासून पंखापर्यंत सगळेच बदलत गेले, तर समोरचे विमान ‘दुसरे’ आहे हे ओळखायचे कशावरून? तर पट्टीवरून. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात आणि तो दोष मानतात. सरकारी कारभार त्यावर सुरळीत चालतो.

पट्टीला हसण्याआधी जगन्नाथपुरीकडे पाहावे. ज्या वर्षी आषाढ अधिक येतो, अशा काही वर्षी तिथे नवकलेवर होते. अलीकडे ते १९९६ आणि २०१५ मध्ये झाले. कडुनिंबाचे लाकूड शोधून जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा आणि सुदर्शन यांच्या नव्या मूर्ती घडवतात. जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ दैतापती सेवक डोळे बांधून नव्या मूर्तीत ठेवतात, आणि जुन्या मूर्तींना मंदिराच्या आवारातच कोइली वैकुंठात समाधी दिली जाते. लाकूड सगळे नवे, तरी देव तोच, याबद्दल कुणाही भाविकाच्या मनात किंतु नसतो. पण नव्या मूर्ती जुन्यांच्याच घडणीच्या असाव्या लागतात. जगन्नाथाचे हात अपुरे आहेत. ते या खेपेला पूर्ण करू, असे म्हणायची कुणाची छाती नाही.

फ्लॅपचा प्रश्न नेमका इथे वेगळा होतो. अथेन्सकरांनी फळीच्या जागी फळीच बसवली. इथे मालकाने विमानाला हात दिले. गंमत अशी की, प्लुटार्कच्या नोंदीप्रमाणे तत्त्वज्ञ ते जहाज वाढणाऱ्या वस्तूंच्या वादात दाखला म्हणून देत. आज आपण बदललेल्या फळ्याच मोजत बसतो. पण फळ्या बदलण्यापेक्षा, पूर्वी नसलेली शक्ती अंगी येणे हा ओळखीला मोठा धक्का आहे. फ्लॅप उघडले की पंखामागून शेपटीकडे जाणारी हवा अधिक खाली वळते, विमानाचा तोल बदलतो, लिव्हरच्या प्रत्येक खाचेला नाकाचे वागणे बदलते. उतरता उतरता बेत बदलून पुन्हा वर जायचे ठरले, तर फ्लॅप एकदम मिटून चालत नाही. जुन्या विमानावर शेकडो तास घालवलेल्या हातांना यातले काहीच ठाऊक नसते.

म्हणून एकाच विमानाला दोन उत्तरे द्यावी लागतात. मालकी, इतिहास, लॉगबुकातल्या सह्या आणि अपघात झाला तर जबाबदारी, यांच्यापुरते ते १९४६ चेच विमान आहे. कॉकपिटमध्ये मात्र नैयायिकांचे ऐकावे: हे नवे विमान आहे असे समजून पहिली उड्डाणे जाणत्या शिक्षकाबरोबर करावीत. तशी कागदावरही थोडी कबुली असतेच. मंजूर आराखडा लागतो, ३३७ क्रमांकाच्या फॉर्मवर मोठा बदल म्हणून नोंद होते, वजन आणि तोल यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

राहता राहिले उतरवलेले जुने पंख. काढलेल्या फळ्या जमवून कुणी दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते, असे टॉमस हॉब्जने १६५५ मध्ये विचारून ठेवले आहे. विमानांपुरते उत्तर ठरलेले आहे. ते पंख दुरुस्त करून दुसऱ्या सुपर क्रूझरला लावता येतात, आणि मग ते त्या दुसऱ्या विमानाचे होतात. पहिल्याचा अनुक्रमांक त्यांच्याबरोबर जात नाही.