‘पादप’ या शब्दाचे अर्धसत्य

‘पादप’, म्हणजे पायाने पिणारा, हा वनस्पतीसाठीचा संस्कृत शब्द जितका देखणा तितकाच फसवा आहे. मूळ पाणी आणि क्षार शोषते एवढे सांगून तो थांबतो, आणि त्या शोषणाचा खर्च कोण भागवतो हा प्रश्न त्याच्या गावीही नसतो. पान उन्हाच्या बळावर साखर तयार करते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तीच साखर खाली उतरून मुळांच्या श्वसनाला लागते आणि नायट्रेटसारखे क्षार पेशीत ओढून घेण्याची ऊर्जा त्या श्वसनातूनच मिळते. म्हणून जमिनीत अन्नद्रव्य असणे वेगळे आणि ते घेण्याची मुळाची ऐपत असणे वेगळे.

हा भेद न पाळणारा सल्ला शेतोशेती ऐकू येतो. बांधावरच्या कडुनिंबाखालचे सोयाबीन उंच, किरकोळ आणि फिकट दिसले, की ‘झाडाने कस ओढला, तिथे युरिया वाढवा’ असे ठरलेले उत्तर मिळते. झाड ओलीत आणि कसात वाटा मागते हे खरेच. पण सावलीतले एक रोप मातीसकट उपटून, मुळावरची गाठ नखाने फोडून पाहावी. काम करणारी गाठ आतून गुलाबी-लाल असते. हा रंग ऑक्सिजनला लगाम घालणाऱ्या लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा. गाठीतले जिवाणू हवेतल्या नायट्रोजनचा एक रेणू पिकाच्या उपयोगी रूपात आणतात तेव्हा एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, किमान 16 रेणू खर्ची पडतात. सावलीत हे चलनच आटते, गाठी कमी आणि लहान राहतात. वरून नत्र ओतले तर उरल्यासुरल्या गाठींचेही काम मंदावते.

सावली मुळाला उपाशी ठेवते, असे म्हणून प्रकरण मिटवता आले असते. परंतु 2021 साली सोयाबीनवरच प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले, की प्रकाश मिळाल्यावर वरच्या भागात तयार झालेली काही प्रथिने मुळापर्यंत प्रवास करतात आणि गाठी धरण्यास चालना देतात. पान नुसती शिदोरी नव्हे, सांगावाही धाडते. (डार्विनने 1880 साली मुळाच्या टोकाची तुलना निम्न श्रेणीच्या प्राण्यांच्या मेंदूशी केली होती, त्या मेंदूलाही वरून हुकूम येतात, असे आता म्हणावे लागते.)

मग सावलीतले तोकडे मूळ हे केवळ उपासमारीचे लक्षण उरत नाही. तो हिशेबही असू शकतो: प्रकाशच दुर्मीळ असताना मुळाचा खर्च आवरून मिळकत खोड-पानांकडे वळवणे हा वनस्पतीचा शहाणपणाच ठरतो. मात्र हा हिशेब आभाळ तसेच राहील असे धरून केलेला असतो. श्रावणातली लांबलेली झड संपून एकाएकी कडक ऊन पडते, पाने मागतील तेवढे पाणी त्या आखडलेल्या मुळांना पुरवता येत नाही, आणि माती ओली असतानाही भर दुपारी पीक माना टाकते.