एक बोट, वीस मते

माणसाला नाक एक, कान दोन आणि दात बत्तीस. पण मते किती, हे शरीरशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात दिलेले नाही. निवडणूक आयोगाच्या हिशेबाने एकच, आणि तेही अठराव्या वर्षी फुटते, अक्कलदाढेसारखे. त्याबरोबर अक्कलही येईल, अशी हमी दाढ देत नाही आणि मतही देत नाही. पण चित्रपटांच्या पुरस्कारांसाठी घरबसल्या फोनवरून जे मतदान चालते, त्यात माणसाला रोज नवी मते फुटतात. सकाळी चहाबरोबर एक, दुपारी वामकुक्षीआधी एक आणि रात्री झोप येत नसली तर आणखी चार.

हे मी हवेत बोलत नाही. इतकी वर्षे आपल्या सभासदांनाच विचारीत आलेल्या ऑस्करवाल्यांना २०२२ साली वाटले, की आता जरा जनतेलाही विचारावे. ट्विटरवर (तेव्हा त्याचे नाव ट्विटरच होते) लोकांनी आपला लाडका चित्रपट सांगायचा, आणि एका माणसाने दिवसाला वीस मतांपर्यंत द्यायला हरकत नाही, असा नियम झाला. निकाल लागला. 'आर्मी ऑफ द डेड', म्हणजे मेलेल्यांच्या फौजेचा चित्रपट, पहिला आला! मेलेल्या माणसांनी मतदान करावे ही आपल्याकडची जुनी कल्पना. मेलेल्यांनी निवडूनही यावे, ही अमेरिकेची भर. त्याच रात्री सभासदांनी ज्याला सर्वोत्तम ठरवले तो 'कोडा' जनतेच्या पहिल्या तिनांत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, नंदुरबारच्या माणसाला ऑस्करशी काय कर्तव्य? तर मतदान या विषयात बोलण्याचा पहिला मान आमच्याच जिल्ह्याचा आहे. एरवी सरकारी यादीत आमचा जिल्हा शोधायचा, तर ती शेवटून वाचायला घ्यावी म्हणजे वेळ वाचतो. पण मतदानात? लोकसभेचा मतदारसंघ क्रमांक एक, नंदुरबार. महाराष्ट्राच्या विधानसभेचा मतदारसंघ क्रमांक एक, अक्कलकुवा. आणि राज्यातले मतदान केंद्र क्रमांक एक कुठे, तर नर्मदेच्या काठी मणिबेलीला. सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेल्या त्या भागात मतदानाचे कर्मचारी मशीन घेऊन होडीतून जातात. मतदार थोडे असले तरी जातात. माणसाने येऊन बोट पुढे करायचे, शाई लावून घ्यायची, एक बटण दाबायचे आणि घरी जायचे. "साहेब, जरा आणखी एकोणीस वेळा दाबू का?" असे तिथे कुणी विचारीत नाही.

शिवाय 'एक माणूस, एक नंबर' हा कारभारदेखील आमच्याच जिल्ह्यात सुरू झाला. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादे तालुक्यातल्या टेंभलीला दिले गेले. खुद्द पंतप्रधान आले होते. अशा या जिल्ह्यात राहून आमचा पुतण्या परवा एका चित्रपट पुरस्काराच्या मतदानात सात माणसे झाला.

सात म्हणजे सात. त्याने सात ई-मेल काढले होते. त्यांतल्या एकाला माझे नाव होते, एकाला त्याच्या काकूचे आणि एकाला, मला वाटते, आमच्या म्हशीचे.

"अरे, पण हा सिनेमा तू पाहिलास का?" मी विचारले.

"नाही अजून. पण आपल्या हीरोचा आहे ना, काका!"

"आणि त्याच्यासमोरचे बाकीचे चार?"

"ते कशाला पाहायचे? त्यांना मत थोडंच द्यायचंय?"

या उत्तरात काही तरी चुकते आहे हे कळते, पण कुठे ते चटकन सांगता येत नाही. मी सांगणार तेवढ्यात आमच्या हिने आतून विचारले, "माझं मत कुणाला दिलंस रे?" घरातल्या लोकशाहीला तेवढाच ओलावा.

त्याच वेळी त्याचा एक मित्र ओट्यावर बसला होता. धडगावकडच्या एका पाड्यावरचा पोरगा, इथे वसतिगृहात राहून शिकतो. त्याने मात्र पाचही चित्रपट पाहिले होते. दोन थिएटरात तिकीट काढून, तीन मित्रांच्या मोबाईलवर. त्याला त्यांतला एक मनापासून आवडला होता. हीरो नसलेला, मारामारी नसलेला. पण मत द्यायच्या दिवसांत तो होळीला गावी गेला. सातपुड्यातली होळी म्हणजे आपली गल्लीतली पुरणपोळीची होळी नव्हे. रात्ररात्र ढोल चालतात, आणि तिला माणूस गेला नाही तर त्याला गावात विचारतात. गावात रेंज नाही. रेंजची एक टेकडी आहे. तो त्या टेकडीवर चढला, फोन हातभर उंच धरला, मत देण्याचे पान निम्मे उघडले, मग त्यांनी त्याच्याकडे सहा आकडी नंबर मागितला, आणि तो नंबर येईपर्यंत रेंज निघून गेली.

"मतदानाला आमच्याकडं मशीन होडीतून येतं, काका," तो म्हणाला. "मग हे का नाही येत?"

तो तक्रार करीत नव्हता. तो खरोखरच विचारीत होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. हिशेब सरळ होता. न पाहिलेल्या माणसाची सात मते आणि पाहिलेल्या माणसाचे शून्य. या बेरजेला उद्या स्टेजवर 'जनतेचा कौल' म्हणणार. जनता कोण? तर जिला रेंज आहे ती.

हा प्रसंग मी शेजारच्या निवृत्त मास्तरांना सांगितला. मास्तर नागरिकशास्त्र शिकवीत. कुठलीही गोष्ट उलटी करून पाहिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. ते म्हणाले, "अहो, मग निवडणुकीत तरी आपण उमेदवार कुठे पाहिलेला असतो? तिथे अडाण्याचं मत चालतं, मग इथे का नको? तुम्हाला लोकशाहीच मान्य नाही असं म्हणा!"

लोकशाही मान्य नसल्याचा आरोप झाला की माणूस रात्री झोपत नाही. मीही झोपलो नाही, आणि पहाटे उत्तर सापडले. आमदार निवडून आला की तो पाच वर्षे माझ्या डोक्यावर बसणार असतो. म्हणून मी त्याला ओळखो न ओळखो, मला विचारलेच पाहिजे. तो माझा हक्क आहे. निवडून आलेला माणूस सर्वांत हुशार असतो असा दावा तर कुणीच करीत नाही, तो स्वतःही फार मोठ्याने करीत नाही. चित्रपट मात्र माझ्यावर राज्य करणार नसतो. 'सर्वोत्कृष्ट' म्हणताना आपण एक गोष्ट खरी असल्याचे सांगत असतो, की पाचांत हा उजवा. आणि खरे काय ते सांगायला हक्क पुरत नाही, पाहावे लागते. साक्षीदाराला कोर्टात पहिला प्रश्न 'तुम्ही तिथे होता का?' असाच विचारतात. 'तुमचे ई-मेल किती?' असा नव्हे.

मग काय, लोकांना विचारूच नये? छे, छे! लोक मूर्ख असतात असे म्हणणारा माणूस स्वतःला लोकांतून वगळून बोलत असतो, आणि तिथेच तो फसतो. १९५४ साली फिल्मफेअरचे पुरस्कार सुरू झाले ते वाचकांच्या मतांवर. वीस हजारांवर वाचकांनी मते दिली. बोटाच्या टिचकीसरशी मत देण्याची सोय तेव्हा नव्हती. त्या लोकांनी निवडले काय, तर बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन'. जमीन वाचवायला कलकत्त्यात रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट. त्याच वर्षी दिल्लीच्या परीक्षकांनी पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला दिले आणि 'दो बिघा जमीन'ला गुणवत्तेचे प्रमाणपत्र. वाचकांनी आणि परीक्षकांनी रुमाल निरनिराळे भिजवले, पण अश्रू दोघांचेही खरे होते. कारण दोघांनीही मत देण्यासाठी थोडी तोशीस सोसली होती.

आणि परीक्षक लागतातच. २०१७ साली राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' तोवर थिएटरात लागलेलाही नव्हता. तो लागला त्याच वर्षी ऑक्टोबरात. लोकांच्या मतावर टाकला असता तर बिचारे कासव शर्यतीच्या रेषेपर्यंतसुद्धा पोचले नसते. उलट २०१६ मधल्या 'सैराट'ला लोकांनी आपले मत तिकिटाच्या खिडकीवरच दिले. काहींनी चार-चार वेळा दिले, पण प्रत्येक वेळी पैसे मोजून! खिडकीवरचे मत हेच लोकांचे खरे मत. तिथे सात माणसे व्हायचे तर सात तिकिटे काढावी लागतात. पुतण्या बहुधा दुसऱ्यालाच थांबला असता.

परीक्षकही माणसेच, त्यांनाही मित्र असतात, झोप येते, आणि त्यांची बैठक बहुधा मोठ्या शहरात असते, जिथून आमची टेकडी दिसत नाही. तेव्हा लोकांना अवश्य विचारावे. फक्त जे विचाराल त्याला त्याच नावाने हाक मारा. मराठी चित्रपटांत प्रेक्षकांच्या मतांवर दिला जाणारा एक पुरस्कार आहे, 'महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण?' मला हे नाव फार प्रामाणिक वाटते. आवडता कोण, हा प्रश्न कुणालाही विचारावा. आपल्या आवडीचा परीक्षक आपणच. पण 'उत्तम कोण' असे विचारायचे असेल, तर निदान दोन अटी हव्यात. एक माणूस, एक मत. आणि मत देणाऱ्याने चित्रपट पाहिलेला असावा. तिसरी अट त्या पोराची आहे आणि सर्वांत अवघडही तीच. ज्याने पाहिले, त्याच्यापर्यंत पेटी पोचावी, मग होडीतून का होईना.

आमच्या नंदुरबारात मिरचीचा मोठा बाजार भरतो. गावाबाहेर पथारीवर लाल मिरची वाळत पडलेली असते, आणि वारा फिरला की सगळ्या गावाचे डोळे भरून येतात. भाव ठरवायला आलेला व्यापारी मिरची हातात घेतो, मोडतो, वास घेतो आणि मग आकडा बोलतो. मिरचीचा नुसता फोटो पाहून कुणी भाव बोलला, तर त्याला लोक चहासुद्धा विचारणार नाहीत. चित्रपटालाही एवढा तरी मान द्यावा. मत हवे तर खुशाल द्या, पण आधी एकदा शिंक येऊ द्या.