काय चुकलं रे?

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या गाळ्यांची एक लांबलचक रांग होती. त्यातल्या एका गाळ्यात एक माणूस दिवसभर बफच्या चाकापुढे उभा राहायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याचं तोंड, मान, हात सगळं काळं झालेलं असायचं. आंघोळ व्हायची, चहा व्हायचा आणि मग तो मुलाजवळ येऊन बसायचा.

मुलगा अकरावीत होता. बाप त्याला रोज एकच प्रश्न विचारायचा, "आज काय चुकलं रे?"

त्या विचारण्यात दरडावणी नसायची. बापाचं कामच तसं होतं. पॉलिश झालेलं पातेलं तो उजेडात धरून फिरवायचा. कुठे रेघ राहिलेली दिसली, की हाताचा दाब नेमका कुठे कमी पडला ते त्याला कळायचं. चूक दिसली की निम्मं काम झालं, असं तो मानायचा.

मुलाला लढाऊ विमानांचं वेड होतं. वायुसेनेने २०१९ साली मोबाईलवर आणलेला 'अ कट अबव्ह' हा खेळ तो लहानपणी बापाच्या फोनवर खेळत बसायचा. दहावी झाल्यावर मामाने त्याला आपला जुना कॉम्प्युटर दिला. मामा ॲनिमेशनचं काम करायचा, त्यामुळे कॉम्प्युटर जुना असला तरी दणकट होता. आता मुलाला खरं सिम्युलेटर हवं होतं. कुठल्यापासून सुरुवात करावी, हे मात्र त्याला कळेना.

त्याने आधी 'वॉर थंडर' घेतलं. ते फुकट होतं आणि कॉलेजमधली बरीच मुलं तेच खेळत होती. त्यात तीन प्रकार होते. मुलाने त्यातला सगळ्यांत सोपा, आर्केड निवडला. माऊस जिकडे वळवावा तिकडे विमान आपोआप वळायचं. वेग, उंची, तोल सगळं आतल्या आत सांभाळलं जायचं. गोळ्या संपल्या तर हवेतल्या हवेत पुन्हा भरल्या जायच्या. पहिल्याच संध्याकाळी त्याने शत्रूची विमानं पाडली.

बाप येऊन बसला. "आज काय चुकलं रे?"

"काहीच नाही. जिंकलो," मुलगा म्हणाला.

बापाने मान हलवली. दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी मुलगा हरला. बापाने तोच प्रश्न विचारला तेव्हा तो म्हणाला, "काही चुकलं नाही. समोरचे जास्त होते." महिना असाच गेला. मुलाची बोटं चपळ झाली, नेम सुधारला. पण विमान वळताना त्याचा वेग का घटतो, नाक वर धरून ठेवलं तर ते अचानक का कोसळतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. खेळाने ते त्याच्यापर्यंत येऊच दिलं नव्हतं.

कॉलेजातले मित्र म्हणाले, "हे पोरांचं आहे. घ्यायचं तर डीसीएस घे. त्यातलं हॉर्नेट घे. अगदी खऱ्यासारखं."

मुलाने चौकशी केली. 'डीसीएस वर्ल्ड' हे सिम्युलेटर मुळात फुकट होतं, पण त्यातलं एफ/ए-१८सी हॉर्नेट विकत घ्यावं लागे आणि त्याला हजारो रुपये पडत. बाप म्हणाला, "दिवाळीचा बोनस आला की बघू." तोवर चौदा दिवस ते विमान फुकट वापरून बघता येत होतं. सप्टेंबरचा महिना होता. मुलाने ते उतरवून घेतलं. डाउनलोडलाच दोन रात्री गेल्या.

हॉर्नेटमध्ये बसल्यावर त्याला समोर बटणंच बटणं दिसली. विमान सुरू करायलाच एक क्रम होता. आधी बॅटरी, मग एपीयू म्हणजे छोटं मदतनीस इंजिन, मग उजवं इंजिन, मग डावं, आणि पुढे आणखी कितीतरी. सोबतची पुस्तिका शेकडो पानांची होती. त्याच्याकडे जॉयस्टिक नव्हती. डाव्या हाताने कीबोर्ड आणि उजव्या हाताने माऊस धरून तो त्या विमानाशी झटत राहिला. पहिले काही दिवस ते जागचं हललंच नाही. मग एकदा हललं आणि धावपट्टीवरून घसरलं. मग एकदा उडालं. मित्रांच्या सांगण्यावरून त्याने थेट लढाई लावली. काही मिनिटांत कुठूनसं क्षेपणास्त्र आलं आणि पडद्यावर आगीचा लोळ उठला.

बाप येऊन बसला. "आज काय चुकलं रे?"

मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माहीत नाही."

चौदा दिवस संपत आले तरी उत्तर तेच होतं. माहीत नाही. रात्री त्याला झोप लागेना. आपल्याला हे जमणारच नाही, असं त्याच्या मनाने घेतलं.

त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा राहायचे. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर ते लेकाकडे राहायला आले होते. २६ सप्टेंबर २०२५ या दिवशी चंदीगडला मिग-२१ विमानाला वायुसेनेने निरोप दिला. १९६३ साली दाखल झालेलं ते विमान बासष्ट वर्षांनी शेवटचं उडणार होतं. आजोबांनी टीव्ही लावला होता आणि दार उघडं ठेवलं होतं. मुलगा जिन्यावरून जाताना थबकला.

"ये रे, बस," आजोबा म्हणाले. "ह्याची किती इंजिनं, किती पंख आमच्या कारखान्यातून येता-जाता डोळ्यांखालून गेले."

कार्यक्रम संपला. आजोबांनी डोळे पुसले. मुलाने धीर करून विचारलं, "आजोबा, ह्या विमानाचे इतके अपघात का झाले?"

"कारणं पुष्कळ होती," आजोबा म्हणाले. "पण एक कारण विमानात नव्हतंच. ते जमिनीला टेकतं तेव्हासुद्धा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास असतो. आणि आमची पोरं किरणसारख्या सावकाश जेटवर शिकायची आणि तिथून थेट ह्याच्यात बसायची. मधली पायरीच नव्हती. १९८२ साली अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फॉन्टेन समितीने सांगितलं, मधलं एक प्रशिक्षणाचं जेट आणा. अशा जेटचा, म्हणजे हॉक विमानांचा, करार व्हायला २००४ साल उजाडलं. २००८ मध्ये ती बिदरला दाखल झाली. मधल्या वर्षांत किती पोरं गेली, बाळा. त्यांच्यात हुशारीची कमी नव्हती. चूक सुधारायला लागतो तेवढा वेळ त्या विमानाने त्यांना दिला नाही."

मुलगा ऐकत राहिला. मग त्याने आपली कथा सांगितली. वॉर थंडर, हॉर्नेट, चौदा दिवस, सगळं सांगितलं. बापाचा रोजचा प्रश्नही सांगितला.

आजोबा हसले नाहीत. म्हणाले, "पहिलं गाजलेलं सिम्युलेटर कोणी केलं, ठाऊक आहे? एडविन लिंक नावाचा एक अमेरिकन होता. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता. त्याला विमान शिकायचं होतं, पण शिकवणी फार महाग. म्हणून त्याने बाजाच्या पेटीला असतात तसे भाते लावून एक लाकडी विमान केलं. हवा भरली-सोडली की ते डुलायचं, कलायचं. ही १९२९ सालची गोष्ट. कोणी फारसं विचारलं नाही. १९३४ साली अमेरिकन सैन्याचे वैमानिक टपाल न्यायला लागले आणि ढगात, अंधारात सापडून एकामागून एक मेले. तेव्हा सैन्याने त्याची सहा यंत्रं विकत घेतली. त्यात ना बंदूक, ना शत्रू. झाकण लावलं की बाहेरचं काही दिसायचंच नाही. समोर फक्त काटे. एक काटा चुकला की शिकवणारा तिथल्या तिथे सांगायचा, हा बघ, हा चुकला."

"मग मी काय घेऊ?" मुलाने विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार. तुझ्या त्या डीसीएसमध्ये बिनबंदुकीचं, शिकाऊंचं विमान आहे का बघ."

होतं. टीएफ-५१डी नावाचं. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँगची दोन आसनी, बिनशस्त्र आवृत्ती. डीसीएससोबत ती फुकटच येत होती आणि मुलाने आजवर तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

दिवाळीला बोनस आला. मुलगा बापाला म्हणाला, "हॉर्नेट नको. जॉयस्टिक घेऊ." दोघं लोकलने ग्रँट रोडला गेले आणि लॅमिंग्टन रोडवरून एक साधी जॉयस्टिक घेऊन आले. तिचा दांडा पिळला की शेपटीचं रडर फिरायचं. बोनसमधले पैसे उरले. आईने ते डब्यात ठेवले.

त्या रात्री मुलाने काळ्या समुद्राकाठच्या बातुमी विमानतळावर मस्टँग उभं केलं. थ्रॉटल एकदम पुढे ढकलला. विमान डावीकडे वळलं आणि गवतात गेलं. पुन्हा केलं. पुन्हा डावीकडे, पुन्हा गवत.

बाप येऊन बसला. "आज काय चुकलं रे?"

"डावीकडे जातं," मुलगा म्हणाला.

"का?"

मुलगा थांबला. त्याने पुस्तिका उघडली. पंखा जोरात फिरला की त्याचा पिळलेला झोत शेपटीवर एका बाजूने आदळतो आणि नाक डावीकडे ओढलं जातं. त्यासाठी उजवं रडर द्यावं लागतं, तेही विमान वळायच्या आधी. वेग येईपर्यंत दांडा मागे ओढून धरला तर शेपटीचं चाक जखडलेलं राहतं आणि विमान सरळ धावतं. त्याने बापाला ते वाचून दाखवलं. बापाला सगळं समजलं नाही. पण तो म्हणाला, "म्हणजे जोर हळूहळू वाढवायचा. चाकावर भांडं धरताना तसंच असतं."

दुसऱ्या दिवशीचं उत्तर होतं, "उजवं रडर उशिरा दिलं." तिसऱ्या दिवशीचं, "रडर वेळेवर दिलं, पण जास्त दिलं." त्या विमानात उड्डाणाला मदत करणारी एक सोयही होती. मुलाने ती सुरुवातीला पूर्ण ठेवली, मग रोज थोडी थोडी कमी केली आणि एके दिवशी बंद केली. विमान सरळ धावलं, शेपूट उचललं गेलं, आणि ते समुद्रावर गेलं.

मग उतरणं सुरू झालं. विमान टेकायचं, चेंडूगत उसळायचं, पुन्हा आदळायचं. उत्तरं बदलत गेली. वेग जास्त होता. उंचावरच सोडून दिलं. धावपट्टीच्या टोकाकडे न बघता नाकाकडे बघत राहिलो. रोज एक चूक सापडायची आणि रोज तिला नाव मिळायचं. मित्र विचारायचे, "अजून त्या बिनबंदुकीच्या विमानातच?" मुलगा "हो" म्हणायचा आणि गप्प बसायचा.

थंडी सरली. मुलगा सुखोई-२५टी या विमानाकडे वळला. तेही फुकट होतं आणि त्याला तोफ होती, रॉकेटं होती. जमिनीवरच्या निशाणावर कुठल्या कोनातून उतरायचं, किती उंचीवर माघारी वळायचं, ते तो शिकला. परीक्षा झाली. मे महिन्यात डीसीएसमध्ये हॉर्नेट पुन्हा काही दिवस फुकट वापरायला मिळालं. मुलगा त्यात बसला. बटणं तेवढीच होती, पुस्तिकाही तेवढ्याच पानांची होती. दोन दिवसांत त्याने ते सुरू केलं, उडवलं, उतरवलं. तिसऱ्या दिवशी तो लढाईत गेला आणि पाडला गेला.

बाप येऊन बसला. "आज काय चुकलं रे?"

"खाली निशाण शोधत बसलो," मुलगा म्हणाला. "क्षेपणास्त्राचा इशारा वाजत होता, तो कानावर घेतला नाही. वळायला हवं होतं, तेव्हा सरळ गेलो."

बाप समाधानाने उठला. आईला म्हणाला, "डब्यातले पैसे काढ. त्याला ते विमान घेऊ दे."

नवं काही शिकायला निघालेला माणूस बहुधा विचारतो, यातलं सगळ्यांत चांगलं कोणतं? हा प्रश्न जाणत्याचा आहे, त्याला शोभतो. शिकाऊ माणसाने वेगळा प्रश्न विचारावा: कशात मला माझी चूक दिसेल? जे साधन आपल्या चुका पोटात घालतं, ते आपल्याला आनंद देतं, पण तिथल्या तिथेच ठेवतं. जे साधन एका दमात पन्नास चुका अंगावर टाकतं, ते थोर असलं तरी आपल्याला त्यातलं काही कळत नाही, आणि दोष आपण आपल्या कुवतीला देऊन मोकळे होतो. या दोहोंच्या मधलं, एका वेळी एक चूक दाखवणारं आणि ती सुधारायला उसंत देणारं जे असेल, ते पहिलं निवडावं. ते स्वस्त असेल, जुनं असेल, लोकांच्या लेखी पोरखेळ असेल, तरी हरकत नाही. आणि ते निवडताना मनाला एवढं बजावून ठेवावं, की पहिली निवड ही कायमची निवड नसते. पुढचं विमान कुठे पळून जात नाही. त्यात बसायची आपली तयारी तेवढी व्हावी लागते.