हाताहून लांब पन्हळ

एका गावात एक मळणी यंत्र होतं. ते ट्रॅक्टरवर चालायचं. गव्हाच्या सुगीत ते या शेतातून त्या शेतात फिरायचं. दिवसा एकाच्या खळ्यावर, रात्री दुसऱ्याच्या. अवकाळी पावसाचं भय असायचं, म्हणून प्रत्येकालाच आपली रास आधी घरात हवी असायची.

एका रात्री पेंढ्या लावणाऱ्या गड्याचा उजवा हात यंत्रात गेला. ट्रॅक्टर बंद होईपर्यंत मनगटापुढचा हात राहिला नव्हता.

गाव हळहळलं. मालक मनाने वाईट नव्हता. त्याने दवाखान्याचा खर्च केला, गड्याच्या घरी धान्य पोचवलं. पुन्हा असं होऊ नये म्हणून यंत्राच्या पत्र्यावर लाल रंगात लिहून घेतलं : सावधान, हात सांभाळा. रोज काम सुरू होताना तो गड्यांना बजावायचा, "डोळ्यांवर झोप असेल त्याने पेंढी लावायची नाही." कुणीतरी सुचवलं म्हणून हातमोजे आणले. तर मोज्याचं सैल टोकच ड्रमच्या दात्यांनी ओढून नेलं. हात थोडक्यात वाचला. पुढच्या आठवड्यात एका पोराची बाही अडकली. सदरा जुना होता, फाटला, म्हणून पोरगा बचावला.

मालकाने धसका घेतला. तो बाजारच्या गावी लोहाराकडे गेला.

"गडी ऐकत नाहीत, मिस्त्री. किती वेळा सांगायचं त्यांना?"

"यंत्र बघू आधी," मिस्त्री म्हणाला.

तो खळ्यावर आला आणि यंत्राच्या तोंडापाशी उकिडवा बसला. बराच वेळ नुसता बघत राहिला. तोंड वीतभर रुंद होतं. त्याच्या पुढ्यात पत्र्याची पन्हळ होती, पण ती इतकी आखूड की पेंढी सारणाऱ्याची बोटं सहज ड्रमपर्यंत पोचावीत. आत ड्रम सेकंदाला दहाएक फेरे घेत होता. हात मागे घ्यायचं सुचेपर्यंत त्याचे दोन फेरे होऊन जातात.

मग त्याने हात गेलेल्या गड्याला बोलावून घेतलं.

"त्या रात्री काय झालं, बाबा?"

"दव पडलं होतं, काका. पेंढी ओलसर होती, तोंडात अडली. मी रेटली. रेटली तशी ती एकदम आत गेली, अन् तिच्याबरोबर हात."

"झोपेत होता तो," मालक म्हणाला.

"झोपेत नव्हतो, मालक. दमलो होतो."

"एरवी पेंढी अडली तर काय करायचास?" मिस्त्रीने विचारलं.

"तेच. हाताने रेटायचो. सगळेच रेटतात."

मिस्त्रीने मान हलवली. पन्हळीच्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला. कड खडबडीत होती, गॅसकटरने कापल्यासारखी.

"ही आखूड कुणी केली?"

मालक थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मीच. पहिल्याच वर्षी. पेंढी लवकर जाते म्हणून."

मिस्त्री त्यावर काही बोलला नाही. त्याने खिशातून सुतळी काढली, सगळ्या गड्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकाचा हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजला. सगळ्यांत उंच पोराचा हात पाऊण मीटर भरला.

त्याने नवी पन्हळ केली ती 90 सेंटिमीटरची. त्यातला ड्रमकडचा 45 सेंटिमीटरचा भाग वरून पत्र्याने झाकला. हे माप काही त्याच्या मनचं नव्हतं. मळणी यंत्रांनी देशभर इतके हात नेले होते की 1983 साली संसदेने धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा केला आणि यंत्र बनवणाऱ्यावरही जबाबदारी टाकली. पन्हळीचं माप तर त्याआधीच भारतीय मानकात ठरलेलं होतं. कारण साधं आहे : पन्हळ हाताहून लांब असली की हात पोचत नाही. मग ट्रॅक्टरपासून यंत्रापर्यंत फिरणाऱ्या उघड्या दांड्यावरही मिस्त्रीने पत्र्याचं नळकांडं चढवलं. त्या दांड्याच्या शेजारूनच बायका पदर सावरत पेंढ्या आणायच्या.

पहिल्या दिवशी गडी कुरकुरले. काम मागे पडलं. मालकही घड्याळाकडे बघायला लागला.

"पेंढ्या लहान बांधा," मिस्त्री म्हणाला, "आणि अडलेली पेंढी पुढच्या पेंढीने रेटा. हाताचं तिथे काय काम?"

दोन-तीन दिवसांत गड्यांना ती लय सापडली. मग कुणी कुरकुरलं नाही.

सुगीच्या शेवटी एका रात्री तोच उंच पोरगा पेंढ्या लावत होता. पहाट व्हायला आली होती, दव पडलं होतं. पेंढी अडली. पोराचे डोळे मिटत होते. सवयीने त्याने हात आत घातला आणि रेटला. खांदा पन्हळीच्या कडेला टेकला. बोटांपुढे ड्रम लांबच फिरत राहिला. त्याने हात बाहेर काढला, दुसरी पेंढी उचलली आणि तिने पहिली रेटली. कुणाचं लक्षही गेलं नाही.

त्या पोरालाही सूचना पाठ होती. लाल अक्षरं त्याच्यासमोरच होती. पण सुगीत माणूस दमणार, पेंगणार, हे काही नवल नाही. ते सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं. मिस्त्रीने दमलेला माणूस गृहीत धरला आणि त्याच्या मापाने पत्रा कापला. मालकाने तोवर फक्त न दमणाऱ्या माणसासाठी सूचना लिहिल्या होत्या.

हिशेबाच्या दिवशी मिस्त्री पैसे न्यायला खळ्यावर आला. पेंढ्या वाहणारी एक म्हातारी खोकत खोकत त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"पोरांचे हात वाचवलेस बाबा, बरं केलंस. पण ह्या भुश्शाचं काय? दिवसभर आमच्या तोंडावर येतो. रात्री छाती भरून येते."

"तोंडाला पदर बांधा, मावशी," मालक म्हणाला.

"बांधतेच की. इतकी वर्षं बांधतेच आहे."

मालकाने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री पंख्याच्या बाजूला गेला. वारा कुठून येतोय ते त्याने पाहिलं. भुसा बाहेर पडायचा ते तोंड नेमकं पेंढ्यांच्या गंजीकडे होतं.

"आधी यंत्र फिरवून लावा," तो म्हणाला. "वारा पाठीमागून हवा. आणि ह्या तोंडाला वळवता येईल असा पाइप बसवू. किती लांब लागेल, मावशी? तुम्ही कुठे उभ्या असता ते दाखवा."

म्हातारी चालत गंजीपाशी गेली. मालकाने सुतळीचं दुसरं टोक धरलं.