रिकाम्या वर्षांची मालकी

एखाद्या समाजाने ज्याला पूर्वज म्हणून पूजेत स्थान दिले आहे, त्याचे दृश्य रूप घडविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मूर्तिकाराला आणि कीर्तनकाराला पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. चित्रपट दिग्दर्शकाला तो पडतो तेव्हा मात्र त्याचे स्वरूप बदलते, कारण मूर्तीला निदान प्राणप्रतिष्ठेचा विधी असतो आणि कीर्तनकाराला समोरचा जाणता श्रोता, तर पडद्यावरचे रूप कोणत्याही विधीवाचून आणि कोणाच्याही संमतीवाचून कोट्यवधी डोळ्यांत कायमचे ठसते. पैनगंगेच्या दक्षिणेस, यवतमाळ, नांदेड आणि चंद्रपूर यांना लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात हा प्रश्न गेल्या काही वर्षांत प्रत्यक्ष उभा राहिला. येथील गोंडांचा नायक कोमराम भीम आणि तेलुगू दिग्दर्शक एस. एस. राजामौली यांचा 2022 सालचा ‘आरआरआर’ हा चित्रपट यांच्यातील संबंध तपासला, तर श्रद्धा, कल्पना आणि ऋण या तिन्ही गोष्टींचा विचार एकत्र करावा लागतो.

भीमाचा इतिहास थोडक्यात असा. विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेला हा गोंड तरुण निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जंगल खाते, महसूल खाते आणि त्यांच्या आश्रयाने जमिनी बळकावणारे सावकार यांच्याविरुद्ध उभा राहिला; गोंड आणि कोलाम यांनी जंगल तोडून वसविलेल्या बारा गावांवरील त्यांचा हक्क मान्य व्हावा, अशी त्याची मागणी होती, आणि 1940 मध्ये जोडेघाट येथे संस्थानच्या पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा त्याच्या नावाशी जोडलेली आहे. त्याची पुण्यतिथी इंग्रजी तारखेने नव्हे, तर आश्विन पौर्णिमेला पाळली जाते. 2016 मध्ये जुन्या आदिलाबादचे विभाजन झाले तेव्हा जोडेघाट ज्या नव्या जिल्ह्यात गेले, त्या आसिफाबाद जिल्ह्याला भीमाचेच नाव देण्यात आले.

दिग्दर्शकाची वाटचाल अगदी वेगळ्या जगातली आहे. पटकथाकार व्ही. विजयेंद्र प्रसाद यांचे पुत्र असलेल्या राजामौलींनी संकलनाच्या टेबलाशी उमेदवारी करून पुढे के. राघवेंद्र राव यांच्या हाताखाली काम केले आणि ईटीव्ही वाहिनीवरील ‘शांतिनिवासम’ या कौटुंबिक मालिकेच्या दिग्दर्शनातून हात बसविला. 2001 मधील ‘स्टुडंट नं. 1’ हा त्यांचा पहिला चित्रपट. ज्या राघवेंद्र रावांनी 1997 मध्ये ‘अन्नमय्या’ हा तिरुपतीच्या संतकवीवरील भक्तिपट केला, त्यांचाच हा शिष्य पुढे स्वतःला नास्तिक म्हणवू लागला, ही गोष्ट विरोधाभासाची वाटते. परंतु राजामौलींनी मुलाखतींतून सांगितलेला आत्मवृत्तान्त पाहता ती तशी नाही. अत्यंत धार्मिक कुटुंबात वाढलेल्या या माणसाने तरुणपणी भगवी वस्त्रे धारण करून संन्याशाप्रमाणे काही काळ घालविला, मित्रांच्या संगतीने बायबल वाचले, चर्चमध्ये जाणे-येणे ठेवले, आणि त्यानंतर धर्म हे एक प्रकारचे शोषणच आहे या निष्कर्षाशी तो पोचला. म्हणजे ही नास्तिकता उदासीनतेची नव्हे; ती घर सोडून आलेल्याची आहे, आणि घर सोडून आलेल्याला घराचे सगळे कोनाडे ठाऊक असतात.

त्यांच्या चित्रपटांतील धर्मभावना या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. ‘यमदोंगा’ (2007) मध्ये नायक यमलोकात जाऊन यमालाच फसवतो. ‘मगधीरा’ (2009) चारशे वर्षांच्या अंतराने घडणाऱ्या पुनर्जन्मावर उभा आहे. ‘ईगा’ (2012) मध्ये खून झालेला तरुण माशी होऊन परततो आणि सूड उगवतो. या तिसऱ्या चित्रपटात कर्मविपाक, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ भोगावेच लागते हा सिद्धांत, पूर्ण शाबूत आहे, मात्र फळ देणारा ईश्वर कुठेच नाही; जैन किंवा मीमांसक विचारवंताला ही मांडणी परकी वाटली नसती. ‘बाहुबली’च्या पहिल्या भागातील (2015) शिवलिंगाचा प्रसंग याहून बोलका आहे. आई नवस फेडण्यासाठी पुनःपुन्हा पाणी वाहून थकते, म्हणून पुत्र ते लिंगच उपटून खांद्यावर घेतो आणि धबधब्याखाली नेऊन ठेवतो, जेणेकरून अभिषेक अखंड चालू राहील आणि आईचे श्रम वाचतील. तेथे देवावरचा विश्वास आईचा आहे आणि पुत्राचा विश्वास केवळ आईवर आहे. प्रेक्षकाचे हात मात्र जोडले जातात. भक्तीचा आवेग देवापासून सोडवून मानवी शरीराकडे, मानवी नात्याकडे वळविणे हे राजामौलींचे खरे कसब, आणि त्या कसबाला भारतीय चित्रपटात तोड नाही असे म्हणण्यास हरकत नसावी.

संस्कृत काव्यशास्त्रात या व्यापाराला साधारणीकरण असे नाव आहे. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेल्या या कल्पनेनुसार रंगमंचावरचा दुष्यंत हा विशिष्ट देशकाळातील विशिष्ट राजा राहत नाही. त्याचे विशेष गळून पडतात आणि उरलेला भाव कोणत्याही सहृदय प्रेक्षकाचा होतो, म्हणूनच परक्याच्या दुःखातही रसास्वाद घेता येतो. ‘माहिष्मती’ हे कल्पित राज्य असल्यामुळे बाहुबलीच्या बाबतीत हा व्यापार निर्वेध चालला. भीमाच्या बाबतीत तो अडखळला, कारण गोंडांची धर्मकल्पना साधारणीकरणाच्या नेमक्या उलट दिशेने जाते.

गोंडांचे देव सर्वांचे नसतात. समाज चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत, म्हणजे ‘सगां’त, विभागलेला असून प्रत्येक सगातील प्रत्येक कुळाचा स्वतःचा ‘पेर्सापेन’, म्हणजे थोरला देव, असतो; त्याची कथा त्या कुळाची असते आणि ती सांगण्याचा अधिकार त्या कुळाशी वंशपरंपरेने बांधलेल्या परधानाचा असतो. केसलापूरची नागोबाची जत्रा आज हजारो लोकांची झाली असली, तरी पुष्य अमावास्येची पूजा मेस्राम कुळाचीच असते, गोदावरीचे पाणी पायी जाऊन आणणारेही मेस्रामच असतात, आणि कुळात लग्न होऊन आलेल्या नव्या सुनांची देवाशी ओळख तेथेच करून दिली जाते. या धर्मात विशेष गळून पडले, तर मागे काहीच उरत नाही.

परधानाची भूमिका येथे फार विचारात घेण्याजोगी आहे. किक्री हे तंतुवाद्य वाजवून गोंडी भाषेत देवकथा गाणारा हा भाट स्वतः यजमानाच्या कुळातला नसतो. आदिलाबादेतील परधानांची घरातली बोली तर परंपरेने मराठी आहे, याची नोंद मानवशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी केली आहे. म्हणजे गोंडांची सर्वांत पवित्र कथा शतकानुशतके अशा माणसाच्या तोंडून आली, ज्याची घरची भाषा वेगळी आणि सामाजिक पायरीही वेगळी. त्यामुळे ‘आमची कथा आमच्यापैकीच कोणी सांगावी’ हा आज सर्वत्र ऐकू येणारा आग्रह गोंड परंपरेतून सिद्ध होत नाही. तिच्यातून सिद्ध होते ते वेगळेच: कथा सांगणाऱ्याला त्याच दारात पुन्हा यावे लागते, तेथे त्याचा मान आणि धान्याचा वाटा ठरलेला असतो, आणि चुकीचे गायिले तर ऐकणारे त्याला थांबवू शकतात. अधिकार जन्मातून नव्हे, या बांधिलकीतून येतो.

या कसोटीवर ‘आरआरआर’ पाहावा लागेल. मार्च 2019 मधील पत्रकार परिषदेत राजामौलींनी आपली भूमिका स्पष्ट केली होती: चित्रपटाचा दुसरा नायक अल्लुरी सीताराम राजू आणि कोमराम भीम हे दोघेही तरुणपणी काही वर्षे घरापासून दूर होते, त्या काळात ते काय करीत होते हे ज्ञात नाही, आणि त्या अज्ञात काळात दोघांची भेट झाली असती तर काय घडले असते, याची ही कल्पित कथा आहे. कलावंत म्हणून ही युक्ती सुंदर आहे. तत्त्वतः मात्र तिच्यात एक गृहीत लपलेले आहे, ते असे की जेथे कागद मुका आहे तेथील जागा रिकामी, आणि रिकामी जागा कोणाचीही. निजामाच्या जंगल खात्याचाही गोंडांच्या जमिनीविषयी हाच युक्तिवाद होता: पट्टा नाही, म्हणून मालक नाही.

प्रत्यक्षात ती वर्षे गोंडांच्या स्मृतीत रिकामी नव्हती. लोकपरंपरेत सांगितल्या जाणाऱ्या आणि अल्लम राजय्या व साहू यांच्या तेलुगू कादंबरीतही आलेल्या कथेनुसार, जमिनीच्या भांडणात निजामाच्या माणसाचा मृत्यू झाल्यावर भीम चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, पळून गेला. तेथे छापखाना चालविणाऱ्या विठोबा नावाच्या गृहस्थाने त्याला आश्रय दिला, लिहायला-वाचायला शिकविले. पुढे तो आसामातील चहाच्या मळ्यांवर मजुरी करून परतला. या कथेतील किती भाग कागदोपत्री सिद्ध होईल, हा इतिहासकाराचा प्रश्न आहे; ज्यांचा तो पूर्वज, त्यांनी त्याला साक्षर म्हणून आठवले आहे, एवढे येथे पुरे. चित्रपटाच्या अखेरीस मात्र राम, म्हणजे सीताराम राजू, भीमाला काय हवे ते माग म्हणतो आणि भीम अक्षरे मागतो, शिक्षण मागतो. ‘जल, जंगल, जमीन’ हे शब्दही मग रामाच्या हातून झेंड्यावर उमटतात. स्मृतीत ज्याच्या हाती अक्षरे होती, त्याला पडद्यावर ती दुसऱ्याकडून दान म्हणून घ्यावी लागतात. शिवाय तोवर रामाने धनुष्य आणि भगवे वस्त्र धारण करून पुराणातील रामाचे रूप घेतलेले असते, त्यामुळे भीमाची जागा आपोआप भक्ताची होते. नास्तिक दिग्दर्शकाच्या हातून घडलेली ही श्रेणीरचना एखाद्या कर्मठ पुराणिकालाही इतक्या सफाईने साधली नसती.

2020 मध्ये भीमाच्या भूमिकेची पहिली झलक आली तेव्हा गदारोळ झाला तो वेगळ्याच कारणाने. नायकाने मुसलमानी टोपी घातल्याचे दृश्य तिच्यात होते, आणि आदिलाबादचे तत्कालीन खासदार सोयम बापूराव यांनी, निजामाविरुद्ध लढलेल्या वीराला हा वेश देणे अपमानास्पद आहे, असा आक्षेप घेतला. वेशांतर हे अज्ञातवासाइतके जुने साधन असल्यामुळे हा आक्षेप टिकण्यासारखा नाही. टोपीकडे सगळ्यांचे लक्ष लागल्यामुळे, चित्रपटात निजामाचे राज्यच जवळजवळ नाहीसे झाले आहे, ही मोठी गोष्ट मात्र चर्चेच्या कडेला राहिली. निजामाच्या दरबारचा एक सल्लागार इंग्रजांना सावध करण्यापुरता येतो आणि जातो. अन्याय करणारा गोरा गव्हर्नर असतो आणि लढाई दिल्लीत होते. इंग्रज हा सर्व भारताचा सामायिक शत्रू असल्यामुळे साधारणीकरणाला तो सोयीचा आहे. बारा गावांच्या जमिनीचे भांडण असे सामायिक होत नाही, कारण ते निजाम गेल्यावरही संपले नाही. 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्ली येथे गोंडांवर पुन्हा गोळीबार झाला तो स्वतंत्र भारतात. भीमाचे पावित्र्य ज्या कारणासाठी त्याने प्राण दिला त्या कारणात आहे, आणि चित्रपटाने प्राणार्पणाचा आवेश ठेवून कारण बदलले.

याच्या तुलनेत प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) आठवतो. विष्णुपंत दामले यांच्यासह त्याचे दिग्दर्शन करणारे शेख फत्तेलाल हे मुसलमान होते, आणि वारकऱ्यांनी तो चित्रपट आपला मानला. दिग्दर्शकाची स्वतःची श्रद्धा कोणती, हा प्रश्न गौण असल्याचा याहून चांगला पुरावा मराठी वाचकाला नको. परंतु त्या चित्रपटाचा प्रेक्षक तुकोबांची कथा आधीच जाणून थिएटरात येत होता, म्हणजे परधानासमोर बसलेल्या यजमानाप्रमाणे तो चूक पकडू शकत होता. ‘आरआरआर’च्या बहुसंख्य प्रेक्षकांना, 2023 मध्ये त्यातील गीताला ऑस्कर मिळाल्यानंतर जगभर लाभलेल्या प्रेक्षकांना तर नक्कीच, भीम पडद्यावर प्रथमच भेटला. जेथे ऐकणारा दुरुस्ती करू शकत नाही, तेथे सांगणाऱ्याची जबाबदारी वाढते.

येथे कल्पनेवर बंदी अभिप्रेत नाही. कलावंताला सर्वसामान्य वीर हवा असेल, तर त्याला कल्पित नाव पुरते, जसे ते बाहुबलीला पुरले. खरे नाव घेतले की त्या नावाबरोबर पितृऋण येते, आणि ते चित्रपटाच्या आरंभी ‘ही कथा काल्पनिक आहे’ अशी पाटी दाखवून फिटत नाही. अल्लाणी श्रीधर यांनी 1990 मध्ये केलेला ‘कोमराम भीम’ हा तेलुगू चित्रपट साधनांनी कितीतरी गरीब होता आणि त्याला चित्रगृहात पोचायला 2010 साल उजाडावे लागले, तरी त्याचा नायक आपल्याच जमिनीसाठी लढतो. चांद्याच्या छापखान्यातील भीम, टाइपाची उलटी अक्षरे जुळवायला शिकणारा असो वा नसो, आजवर कोणत्याही मोठ्या दिग्दर्शकाने मनावर घेतलेला नाही. ती कथा अर्धी मराठी मुलखात घडते आणि तिचे गायक घरी मराठी बोलतात. चंद्रपूर-यवतमाळकडच्या एखाद्या दिग्दर्शकाने ती हाती घ्यावी, पटकथा लिहिण्यापूर्वी परधानाकडे जाऊन ती ऐकावी, आणि चित्रपटाचा पहिला खेळ जोडेघाटला करावा.