डॉक्टरचा स्वधर्म

दुर्गम भागात राहणाऱ्या डॉक्टरला आपण त्यागमूर्ती म्हणून हात जोडतो आणि शहरात दवाखाना थाटणाऱ्याला पैशामागे लागलेला म्हणून नावं ठेवतो. ही वाटणी मला खोटी वाटते. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांपुढे लाल विंचू चावलेली माणसं यायची: दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, आणि पुढे फुप्फुसात पाणी. त्यांनी रुग्णाजवळ बसून बारीक नोंदी ठेवल्या, रक्तदाबावरचं प्राझोसिन या दंशावर वापरलं, आणि एरवी दगावणारी माणसं वाचू लागली. १९८२ पासून त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून येऊ लागली. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रिया तपासल्या तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग आढळले. तो अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. हे प्रश्न शहरातल्या इस्पितळाच्या खिडकीतून दिसलेच नसते. या डॉक्टरांना तिथे करुणेने धरून ठेवलं असेलच, पण आपली विद्या इथे पुरेपूर कामी येते हे समाधानही त्यात असणार, असं त्यांचं काम पाहून वाटतं.

मग हाही स्वार्थच झाला, निष्काम कर्म कुठे उरलं, असं कोणी विचारेल. पण गीतेने निष्कामतेचा अर्थ कामाची गोडी मारणं असा केलेलाच नाही. अठराव्या अध्यायात सात्त्विक कर्त्याची लक्षणं सांगताना आसक्ती नसणं आणि उत्साह असणं ही दोन्ही एकाच श्लोकात आली आहेत. तिसऱ्या अध्यायातला लोकसंग्रहही हेतूची शुद्धता तपासत बसत नाही. त्या कर्माने लोकांची घडी टिकते का, हे पाहतो. रुग्णाच्या बाजूने विचार केला तरी तेच. विंचू चावलेल्या मुलाला डॉक्टरच्या मनातल्या हेतूंच्या मिश्रणाशी काय देणंघेणं?

खरा अवघड आक्षेप वेगळा आहे: अशी माणसं मोजकीच, सामान्य डॉक्टरचं काय? त्याला मुलांची शाळा दिसते, जोडीदाराची नोकरी दिसते, रात्री एखादं बाळंतपण अडलं तर भूलतज्ज्ञ नाही आणि जमाव अंगावर आला तर पाठीशी कोणी नाही, हेही दिसतं. ही भीती रास्त आहे. सक्तीच्या ग्रामीण सेवेचा बॉण्ड घेणं मला अयोग्य वाटत नाही, कारण सरकारी महाविद्यालयातलं शिक्षण लोकांच्या पैशावर होतं. पण बॉण्डने सेवेचं वर्ष भरून निघतं, उत्साह येत नाही. आणि त्यागाची स्तुती इथे उलट अपाय करते: जो त्यागी आहे त्याला राहायला धड क्वार्टर, चालू एक्स-रे मशिन, अडल्या वेळी फोनवर सल्ला देणारा वरिष्ठ आणि पुढे शिकायची संधी कशाला हवी, असं आपण न बोलता ठरवून टाकतो. आपली विद्या जिथे कामी येते तिथे राबणं हा डॉक्टरचा स्वधर्म; तो पाळणाऱ्यालाही साधनं लागतात, आणि ती पुरवण्याचं कर्तव्य त्याचं नाही, आपलं आहे.