पायाशी उजेड

22 जुलै 2021च्या पुरात महाड बुडालं, तेव्हा एका घराच्या दारातली जुनी प्रीमियर पद्मिनीही बुडाली. आजोबांनी मुंबईत जन्मभर टॅक्सी चालवली आणि उतारवयात ही गाडी स्वतःसाठी घेतली होती. ते गेल्यावर ती नातवाकडे महाडला आली. पाणी ओसरलं तेव्हा सीटच्या स्पंजातून गाळ निथळत होता, दरवाज्यांच्या आतली हार्डबोर्डची पॅडं फुगून वाकली होती आणि रेक्झिन सोलून निघालं होतं. घरचे म्हणाले, भंगारात दे. एमआयडीसीत शिफ्ट करणारा नातू म्हणाला, नाही. हिला अशी करतो की लोक थांबून बघतील.

इंजिन आणि वायरिंग मिस्त्रींनी हाती घेतलं. गावात गाड्यांचं वायरिंग करण्यात त्यांचे केस पिकले होते. त्यांनी जुनं वायरिंग मुळापासून उपटून टाकलं. पुराचा गाळ वायरीच्या आवरणात शिरला की तांबं आतून हिरवं पडत जातं, वरून काही कळत नाही. आतली सजावट मात्र नातवाने स्वतःकडे ठेवली.

रात्रपाळी नसेल तेव्हा तो ॲक्रिलिक कापत बसे. 3 मिलिमीटर जाडीची पारदर्शक शीट, कडा आधी 400च्या, मग 800च्या, मग 1200च्या पेपरने पाण्यात घासायच्या आणि पॉलिश करायच्या. कड आरशासारखी झाली की तिथून सोडलेला प्रकाश शीटच्या आतल्या आत धावतो, दोन्ही पृष्ठभागांवर आपटून परत फिरतो आणि बाहेर पडत नाही. जिथे ओरखडा असेल तिथेच तो बाहेर येतो. म्हणून नक्षी कोरायची; आणि पुढची बाजू गुळगुळीत राहावी म्हणून त्याने ती शीटच्या मागून, उलटी कोरायचं ठरवलं. त्याने महाडचं चवदार तळं कोरलं: दगडी कठडा, पायऱ्या, पाण्याच्या रेघा, खाली ‘20 मार्च 1927’. पहिल्या पाटीवर आकडे सुलटे कोरले गेले आणि समोरून उलटे दिसले; ती पाटी टाकून त्याने दुसरी केली.

नक्षी देखणी झाली, तसा हात सुटला. डॅशबोर्डच्या वरच्या कडेने निळी एलईडी पट्टी, छताच्या चारी कडांना पट्टी, दोन्ही पुढच्या दरवाज्यांवर तळ्याच्या पाट्या. मिस्त्रींनी पाहिलं आणि एवढंच विचारलं, “किती मीटर?”

“सात.”

“मीटरला साडेचौदा वॉट धर. म्हणजे शंभर वॉट. बारा व्होल्टवर साडेआठ अँपिअर. फ्यूज कुठाय?”

फ्यूज नव्हता. मिस्त्रींनी दहाचा फ्यूज टाकला, वायर पत्र्यातून जात होती तिथे रबराची ग्रोमेट बसवली आणि म्हणाले, “गाडी पेटणार नाही एवढं मी बघितलं. उजेड कुणासाठी आहे ते तू बघ.”

“कुणासाठी म्हणजे? सगळ्यांना दिसेल की, काका!”

मार्च आला. आजी आंबेनळी घाटाच्या अंगाला एका वाडीत राहायची आणि दरवर्षी 20 मार्चला तळ्यावर यायची. गर्दी व्हायच्या आत, पहाटेच पोहोचायचा तिचा नेम. नातवाने ठरवलं, यंदा आजीला आजोबांच्याच गाडीतून आणायचं. एवढा लांबचा पहिलाच पल्ला म्हणून मिस्त्रीही सोबत निघाले. पोलादपूर सोडून गाडी घाट चढली तेव्हा अजून संधिप्रकाश होता. पट्ट्या लावलेल्याच होत्या. वाडीतली पोरं गाडीभोवती जमली, मोबाईल निघाले. नातवाची कॉलर ताठ झाली.

जेवणं झाली, थोडी झोप झाली आणि मध्यरात्रीनंतर आजीला मागच्या सीटवर बसवून ते घाट उतरू लागले. दुसऱ्याच वळणावर नातवाने ब्रेक दाबला. समोरच्या काचेत रस्त्याऐवजी निळी रेघ तरंगत होती, तिच्या वर उजळलेलं छत आणि स्वतःचाच चेहरा. बाहेर काळोख असला की गाडीची काच आतल्या उजेडाचा आरसा होते. बाजूच्या काचेत तळ्याची पाटी चमकत होती, तिच्यामागे साइड मिरर हरवला होता. दरी कुठल्या अंगाला आहे हे हेडलाइटपेक्षा आठवणीने ओळखायची वेळ आली.

“बंद कर,” मिस्त्री म्हणाले.

त्याने बटण दाबलं. तरी रस्ता लगेच उमटला नाही. अंधाराला पुरता सरावायला डोळ्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि निळा प्रकाश तो सराव सगळ्यात आधी मोडतो. जहाजावर आणि विमानात रात्री लाल दिवे वापरायची रीत त्यातूनच पडली. कडेला गाडी लावून ते थोडा वेळ गप्प बसले. मग सावकाश निघाले.

महाडला पोहोचले तेव्हा उजाडायला अवकाश होता. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आधीच माणसं दिसत होती: पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, लांबून आलेल्या बसगाड्या. आता तरी चार लोक बघतील म्हणून नातवाने गाडी थांबवतानाच पट्ट्या पुन्हा लावल्या. आत निळं निळं झालं. मागच्या दरवाज्यातून आजीने पाय बाहेर टाकला आणि तो सरळ गटाराच्या फुटक्या लादीत गेला. मिस्त्रींनी दंड धरला म्हणून ती पडली नाही. चप्पल मात्र आत राहिली.

“एवढं झगमगतंय,” आजी म्हणाली, “आणि पायाखालचं काय दिसलं नाय बघ.”

नातू मोबाईलच्या बॅटरीने गटारात चप्पल शोधू लागला. शंभर वॉट जळत होते आणि चप्पल मोबाईलच्या टिचभर दिव्याने सापडली.

तळ्याच्या कठड्यापाशी आजी जरा टेकली. तिचा बाप 1927 साली पोरगेला होता; त्याने पाहिलेलं ती दरवर्षी सांगायची. नातवाने ते अनेकदा ऐकलं होतं, पण आज अंगठा चोळत बसलेल्या आजीपुढे ते त्याला नव्याने ऐकू आलं.

“तळं सगळ्यांना खुलं हाय असा ठराव तवाच झाला हुता म्हनं,” ती म्हणाली. “पन ठरावानं तहान भागत नाय, पोरा. बाबासाहेब खाली उतरले, ओंजळ भरली, तवा ते पानी आपल्यापातुर आलं.”

तिला तारखा ठाऊक नव्हत्या, नातवाला होत्या. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923च्या ऑगस्टात मंजूर केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही 1924मध्ये तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. पुढची तीन वर्षं तो ठराव दप्तरात चकचकीत राहिला आणि तळ्याच्या पायऱ्या अस्पृश्य ठरवलेल्यांना पूर्वीसारख्याच बंद. 20 मार्च 1927ला महाडच्या परिषदेच्या मंडपातून बाबासाहेबांबरोबर निघालेली माणसं पाण्यापर्यंत गेली, तेव्हा त्या शब्दांना अर्थ आला. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या; मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल हाती यायला 17 मार्च 1937 उजाडला.

नातवाने तेच तळं आणि तीच तारीख दरवाज्यावर कोरली होती. आकडे सुलट दिसावेत म्हणून उलटे कोरले होते. आणि त्याच गाडीतून उतरताना आजीचा पाय गटारात गेला होता.

पुढच्या सुटीला त्याने डॅशबोर्डवरची पट्टी काढली, छताची काढली. सातातली दीड मीटर ठेवली आणि तिचे चार तुकडे केले; दर तिसऱ्या एलईडीपाशी कापायची खूण असते, तिथेच. एकेक तुकडा चारही दरवाज्यांच्या खालच्या कडेला, तोंड जमिनीकडे करून बसवला. निळ्याऐवजी पिवळसर. दरवाजा उघडला की पेटेल आणि लागला की विझेल असा स्विच चौकटीत घातला. तळ्याच्या पाट्या फेकल्या नाहीत. गुडघ्याच्या खाली उतरवल्या आणि त्याच स्विचवर घेतल्या. आता गाडी चालताना आत काहीच चमकत नाही. रस्त्यावरून बघणाऱ्याला ती एक साधी जुनी पद्मिनी वाटते.

मिस्त्रींनी दरवाजा उघडून बघितला, दहाचा फ्यूज काढला आणि तीनचा घातला.

काम बरं झालं हे कळल्यावर ओळखीचे एक-दोघे आपापल्या गाड्या घेऊन आले. एकाला डॅशबोर्डभर जांभळा उजेड हवा होता. नातवाने टेप हातात घेतली, पण आधी विचारलं, “रात्री या गाडीतून कोण कोण उतरतं?”

“आई असते. मुलगी असते.”

“मग आधी त्यांच्या पायापासून माप घेऊ.”

तात्पर्य : दिवा किती लोकांना दिसतो यावर त्याची किंमत करू नये, त्याच्यामुळे कुणाला वाट दिसली, हे विचारावं. ठरावाचं, कायद्याचं आणि आपल्या चांगुलपणाचंही माप तेच.